डावी बाजू

“कोण होतं?” गाडी चालवणाऱ्या दीनानाथांनी विचारलं, आणि शेजारी बसलेल्या नीरजानं वळून त्यांच्याकडे बघितलं.

बाई तोवर निघूनही गेली होती. सकाळचे साडेनऊ वाजले होते, लख्ख ऊन होतं. कर्वेनगरच्या मुख्य रस्त्यावरून त्यांची कॅराव्हॅन, आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, डावीकडे गल्लीत वळत होती आणि गल्लीच्या तोंडाशी ती बाई एका हातात दप्तर आणि दुसऱ्या हातात मुलीचं मनगट धरून रस्ता ओलांडत होती. नीरजाला ती इतकी स्वच्छ दिसत होती की सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही. मुलीच्या एका वेणीची रिबीन सुटली होती, तीसुद्धा दिसत होती. आता गाडी हळू होईल म्हणून नीरजा वाट बघत राहिली, आणि गाडी हळू झाली नाही. मग तिच्या तोंडून नुसताच आवाज निघाला, शब्द नाही. ब्रेक लागला. मागच्या ओट्यावरचा स्टीलचा डबा घरंगळत तिच्या सीटपर्यंत आला. बाईनं मुलीला मागे ओढलं, पत्र्यावर दोनदा थाप मारली आणि काचेपाशी येऊन अगदी शांत आवाजात म्हणाली, “आजी, यांना घरी बसवा. कोडी वगैरे द्या सोडवायला.” एरवी दीनानाथांचं उत्तर तयार असतं. इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं पोरांना सरळ केलेला माणूस. टोमणा ऐकून घेणं त्यांना ठाऊक नव्हतं. पण ते समोरच्या काचेतून रिकाम्या गल्लीकडे बघत होते. वैतागून नाही, ओशाळूनही नाही. खरंच माहिती हवी असल्यासारखं त्यांनी विचारलं होतं.

“तुम्हाला ती दिसली नाही?” सोसायटीत गाडी लावून झाल्यावर नीरजानं विचारलं.

“मध्येच आली.”

“मध्येच नाही आली. चालत होती ती.”

“मोबाईलमध्ये डोकं घालून चालतात हल्ली सगळे,” ते म्हणाले आणि टायरची हवा बघायला वाकले.

बाईचे दोन्ही हात गुंतलेले होते, हे नीरजाच्या अगदी ओठांवर आलं होतं. ती बोलली नाही. का बोलली नाही, हे तिला जिना चढताना कळलं. बोलली असती तर पुढचा प्रश्न विचारावा लागला असता, आणि त्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे की काय, अशी शंका तिला आली होती. शुक्रवारी दिवेआगरला जायचं ठरलं होतं. हडपसरहून वल्लरी, त्यांची मुलगी, स्पृहाला सोडून जाणार होती. नात पहिल्यांदाच आजीआजोबांबरोबर एकटी येणार होती. सहा वर्षांच्या स्पृहानं फोनवर सांगून ठेवलं होतं की ती पुढेच बसणार. आज सोमवार होता.

दुपारी जेवताना तिनं बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. दीनानाथांनी वरणभात खाल्ला, भाजी खाल्ली, पोळी खाल्ली. ताटाच्या डाव्या बाजूची जवसाची चटणी, काकडीची कोशिंबीर, लिंबाची फोड, सगळं वाढलं होतं तसंच राहिलं. “कोशिंबीर केली नाहीस आज?” हात धुवायला उठताना ते म्हणाले. नीरजा ताटाकडे बघत बसली. मंगळूरला असताना त्यांनी चटणी पानात तशीच टाकायला सुरुवात केली होती आणि तिनं विचारलं तेव्हा हसून ‘बीपी’ म्हणाले होते. तिला बरं वाटलं होतं. इतक्या वर्षांनी माणूस स्वतःहून मीठ जपायला लागला, म्हणून तिनं वल्लरीला कौतुकानं कळवलंही होतं. आता ती खरकटं ताट उचलत नव्हती. उचललं की हे संपेल, पुरावा जाईल, आणि संध्याकाळी तिला पुन्हा सगळं ठीक वाटू लागेल. तसं वाटावं अशी तिची फार इच्छा होती. म्हणूनच तिला ते ताट तिथं हवं होतं.

मंगळूरला ते तीन दिवसांसाठी गेले होते आणि वीस दिवस राहिले. जाताना वाटेत होन्नावरला दीनानाथांचं डोकं दुखलं होतं. दुपारभर ते गाडीतल्या बाकावर कपाळावर ओला टॉवेल घेऊन पडले आणि संध्याकाळी ‘उतरलं’ म्हणून उठले, चहा प्यायले. त्या एका दुपारकडे नीरजाचं लक्ष नंतर कधी गेलंच नव्हतं, कारण त्यानंतर जे आलं ते इतकं सुखाचं होतं. ते उतरले होते ती सेवेरिन नावाच्या माणसाची वाडी खाडीच्या कडेला होती. समुद्र चालत दहा मिनिटांवर, वाडीत सत्तर-ऐंशी माड, एक विहीर, आणि गाडी लावायला सावलीची जागा. सेवेरिन मुंबईत आठ वर्षं हॉटेलात काम करून परत आलेला, त्यामुळे मोडकंतोडकं का होईना मराठी बोलायचा. त्याची आई आपोलीनबाई सकाळपासून गाडीच्या शेजारी पाटावर बसून झावळ्या विणत असे. तिला मराठी येत नव्हतं आणि नीरजाला कोंकणी, तरी दोघींचं दिवसभर काहीबाही चालायचं. कुठे जायचं नव्हतं. घड्याळ बघायचं नव्हतं. सकाळी विहिरीच्या गार पाण्यानं आंघोळ, मग तांदळाचे पातळ डोसे, मग माडांच्या सावलीत खुर्च्या टाकून नुसतं बसणं. घामानं पाठ ओली व्हायची आणि खाडीवरून वारा आला की वाळायची. दुपारी होडीनं पलीकडे जाऊन यायचं, काम काही नसताना. आणि संध्याकाळी वाळूत चालायला निघाले की दीनानाथ तिचा हात धरायचे. छत्तीस वर्षांच्या संसारात लक्ष्मी रोडवर दहा पावलं पुढे चालणारा हा माणूस. त्यानं पहिल्या दिवशी हात धरला तेव्हा तिनं आजूबाजूला कुणी बघत नाही ना हे पाहिलं होतं. तिसऱ्या दिवसापासून ती स्वतः हात पुढे करू लागली. गाडी चालवतानाही ते मान पूर्ण वळवून तिच्याकडे बघायचे, बोलता बोलता दोनतीनदा. “रस्त्याकडे बघा,” ती म्हणायची आणि मनातून सुखावायची. पेपर वाचणं त्यांनी सोडून दिलं होतं. ‘इथे येऊन तेच वाचायचं का?’ म्हणाले होते. ती कुठेही शेजारी येऊन बसली की दचकायचे आणि मग हसायचे. एवढं हसताना तिनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ‘तुझे बाबा बदललेत’ असं ती वल्लरीला फोनवर म्हणाली होती तेव्हा तिचा आवाज तिलाच कोवळा वाटला होता. आता बाल्कनीत वाळलेले कपडे काढताना ते वीस दिवस एकेक करून उलटे होऊ लागले. ती नेहमी त्यांच्या डाव्या हाताला चालत असे. गाडीत डाव्या बाजूला बसत असे. ते वळून बघायचे, कारण वळल्याशिवाय ती त्यांना दिसतच नव्हती.

आणि मग, हातात दीनानाथांचा शर्ट असताना, तिला निघतानाची सकाळ आठवली.

त्या सकाळी गाडी मागे घेताना मागच्या डाव्या चाकाखाली काहीतरी आलं होतं. आधी काहीतरी दबल्यासारखं, मग कडक काहीतरी मोडल्यासारखं, आणि गाडी खाली आली. “झावळी असेल,” दीनानाथ म्हणाले होते आणि गियर टाकला होता. नीरजा तेव्हा फाटकाशी उभ्या असलेल्या सेवेरिनला हात करत होती. आपोलीनबाई दिसल्या नव्हत्या. निरोप घ्यायचा राहिला म्हणून तिला चुटपुट लागली होती. चर्चला गेल्या असतील असं तिनं स्वतःला समजावलं होतं. पण तो बुधवार होता. आणि आपोलीनबाई बसायच्या त्या गाडीच्या मागच्या डाव्या अंगाला.

शर्ट खाली पडून शेजाऱ्यांच्या ग्रिलवर अडकला. नीरजा आत आली आणि पलंगाच्या कडेवर बसली. सेवेरिन ओरडला असता, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण फाटकापासून ती जागा दिसत नव्हती, मध्ये गाडीच होती. मग त्यानं फोन केला असता. नंबर होता त्याच्याकडे. पोलीस आले असते. निघून आज बारा दिवस झाले. बारा दिवसांत काहीच आलं नाही याचा अर्थ काही झालं नाही. की याचा अर्थ असा की पोलिसांना अजून गाडीचा माग लागलेला नाही? तिनं नंबर लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पलीकडे कानडीत एक बाई तेच वाक्य पुनःपुन्हा सांगू लागली. दीनानाथ बाहेरच्या खोलीत दिवेआगरच्या सामानाची यादी मोठ्यानं करत होते, “स्पृहासाठी घडीची खुर्ची घेतो, लहान,” आणि नीरजा आत बसून एका म्हातारीचा पांढरा झगा, तिचे विणणारे काळे हात, तिच्या डाव्या पायाची नसलेली करंगळी, हे सगळं अगदी जवळून बघत होती.

संध्याकाळपर्यंत तिनं अकरा वेळा फोन केला. प्रत्येक वेळी तिला वाटायचं की त्यानं उचलू नये. कुणाला सांगावं? वल्लरीला सांगितलं तर ती रडेल, मग चिडेल, मग तासाभरात येऊन बापाला जाब विचारेल. आणि दीनानाथ नाही म्हणतील. ते नाही म्हणतील याची भीती नव्हती. ते अगदी मनापासून, खरं समजून ‘नाही’ म्हणतील याची होती. ‘कोण होतं’ विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर लपवाछपवी नव्हती. त्यांच्या जगाला डाव्या बाजूला कडा होती आणि ती कडा आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. अशा जगात बसून ते जवळजवळ हजार किलोमीटर गाडी चालवत आले होते, घाटातून, ट्रकांच्या रांगांमधून, आणि ती शेजारी बसून शेंगा सोलून देत होती.

मंगळवारी सकाळी तिनं खात्री करून घ्यायचं ठरवलं. दीनानाथ जेवणाच्या टेबलाशी चहा घेऊन बसले होते, नजर समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर. नीरजा स्वयंपाकघरातून अनवाणी आली आणि त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहिली. हात लांब केला असता तर खांद्याला लागला असता. खिडकीतून ऊन तिच्या अंगावर पडलं होतं. तिनं पिवळं पातळ मुद्दाम नेसलं होतं. त्यांनी एक घोट घेतला. कपाच्या काठावर बोटानं टिचकी मारली. तिला त्यांच्या मानेवरचे पांढरे केस दिसत होते, कानातला राठ पुंजका दिसत होता, श्वास ऐकू येत होता. आपणच नाही आहोत, असं तिला क्षणभर वाटलं. आपण गेलो आहोत आणि हा माणूस आपल्यामागे चहा पितो आहे.

“नीरजा,” त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. “साखर घातली नाहीस का गं?”

ती हलली नाही. तिला हलता येईना.

“नीरजा?” आता आवाज जरा चढला होता, आणि त्यात असं काहीतरी होतं जे तिनं त्यांच्या आवाजात कधी ऐकलं नव्हतं. “कुठे आहेस?”

“इथंच आहे,” ती म्हणाली, आणि ते इतके दचकले की कप बशीत कलंडला.

त्याच वेळी तिच्या हातातला फोन वाजू लागला. सेवेरिन होता. नीरजा बाल्कनीत गेली, दार ओढून घेतलं आणि “हं” म्हणाली.

“बाई, भावाकडे लग्न होता, फोन घरी राहिला. इतके कॉल? सगळं ठीक?”

“आई कशा आहेत?” नीरजानं विचारलं.

नीरजानं ग्रिल घट्ट धरलं. खाली गल्लीत कुणीतरी भंगारवाल्याशी घासाघीस करत होतं. ते तिला नको इतकं स्पष्ट ऐकू येत होतं.

“आई ठीक आहे,” सेवेरिन म्हणाला. “म्हणजे तुम्हाला कळलं.”

“काय कळलं?”

“तिचा पाट. तुमच्या चाकाखाली आला. पाट आणि विणलेला झावळ्यांचा गठ्ठा. ती एक मिनिट आधी उठली होती, तुमच्यासाठी कोकमाची बाटली आणायला आत गेली. परत आली तर पाटाचे दोन तुकडे. मी फोन करणार होतो. आई नको म्हणाली. म्हणाली, त्यांना वाईट वाटेल, एवढे चांगले दिवस गेले त्यांचे इथे.”

नीरजा खाली बसली. बाल्कनीच्या फरशीवर, कुंड्यांच्या मध्ये. एक मिनिट. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण सुटका झाल्यासारखं काही वाटेना. उलट आतापर्यंत भीती एकाच ठिकाणी होती ती सगळीकडे पसरली. होन्नावर ते मंगळूर, मंगळूर ते पुणे, प्रत्येक गावातलं प्रत्येक डावं वळण, प्रत्येक शाळेपुढचा रस्ता. एकेक मिनिट.

“बाई, अजून एक,” सेवेरिन हळू म्हणाला. “आई पहिल्या आठवड्यातच बोलली होती मला. तुमचे साहेब डावीकडे बघत नाहीत म्हणून. ती बोलावायची तर ते दुसरीकडेच शोधायचे. मला वाटलं, तुम्हाला माहिती असणार. नवरा-बायको तुम्ही.”

नीरजानं फोन ठेवला. एका परक्या म्हातारीला, जिला त्यांची भाषाही येत नव्हती, आठवड्यात कळलं. नीरजाला कळलं नाही, कारण तिनं हात हातात घेतला होता आणि पुढचं काही बघितलंच नव्हतं.

ती आत आली तेव्हा दीनानाथ टेबलावरचा सांडलेला चहा पुसत होते. उजवीकडचा पुसून झाला होता. डावीकडून तो थेंब थेंब फरशीवर ठिबकत होता आणि ते फडकं पिळत होते, काम झाल्यासारखं. नीरजा त्यांच्या समोर जाऊन बसली, बरोबर समोर, आणि तिनं सगळं सांगितलं. कालची बाई, चटणी, पाट, एक मिनिट. आवाज चढवला नाही. आता तुम्ही ओरडा, असं ती मनात म्हणत होती. ओरडा, म्हणजे मला तुमच्याशी भांडता येईल.

दीनानाथ ओरडले नाहीत. फडकं त्यांच्या हातात तसंच राहिलं.

“मंगळूरला तू नाहीशी व्हायचीस,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“बोलता बोलता नसायचीस. आवाज यायचा, तू नसायचीस. वळून बघितलं की असायचीस. रोज.” त्यांनी फडक्याची घडी केली, पुन्हा उलगडली. “मला वाटलं, डोकं जायला लागलं माझं. अण्णांचं गेलं तसं. त्यांना शेवटी आई दिसायची नाही, आठवतं ना? समोर असली तरी. म्हटलं, सुरू झालं. तुला कशाला सांगू? तू इतकी खूश होतीस.”

“म्हणून हात धरायचात?”

“हातात असलीस की आहेस, एवढं तरी कळायचं.”

नीरजाला वाटलेलं तिनं सांगितलं नाही, आणि सांगणार नव्हती. वीस दिवस एकाच वाळूत दोन माणसं चालत होती. एक सुखात होतं आणि एक घाबरलेलं, आणि हात मात्र एकमेकांचाच होता. तिनं पुढे वाकून त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि टेबलाची डावी बाजू पुसली. मग वल्लरीला फोन लावला आणि म्हणाली, “शुक्रवारचं रद्द. आज रजा टाकता आली तर टाक. नाही आली तर मी नेते बाबांना.”

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दीनानाथांच्या नाकासमोर दोन्ही हातांची बोटं हलवली, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, आणि त्यांचा हसरा चेहरा एकदम कामाचा झाला. त्यांनी लगेच मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथं मेंदूचा फोटो काढला. संध्याकाळी चारला तरुण डॉक्टरीणबाईंनी तो पडद्यावर दाखवला. मागच्या बाजूला, उजवीकडे, एक पुसट डाग. डोळे उत्तम आहेत, त्या म्हणाल्या. महिन्याभरापूर्वी छोटा झटका येऊन गेलाय. डोळे बघतात, पण डाव्या बाजूचं बघितलेलं मेंदूपर्यंत पोचत नाही. थोडं परत येईल, कदाचित येणार नाही. वल्लरी बापाच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती.

“म्हणजे वेड लागलेलं नाही,” दीनानाथ म्हणाले.

“नाही हो काका.”

“गाडी?”

“नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आणि दुसरा झटका येऊ नये म्हणून या गोळ्या. एकही चुकवायची नाही.”

‘दुसरा’ हा शब्द नीरजानं ऐकला आणि तो तिच्या आत जाऊन बसला.

वल्लरी औषधं घ्यायला थांबली. ती दोघं रिक्षा बघायला बाहेर आली. पदपथ खणून ठेवला होता, त्यामुळे रस्त्याच्या कडेनंच चालावं लागत होतं; शाळा सुटलेली, कडेनं दुचाकी घुसत होत्या, कुणी चुकीच्या बाजूनं येत होतं, हातगाडीवर पेरू रचलेले होते. इस्पितळाच्या दारात दीनानाथ थांबले. त्यांनी उजवीकडे बघितलं, मग सांगितलं होतं तशी मान सावकाश पूर्ण डावीकडे वळवली, आणि तिथं केवढं काय काय आहे हे पाहून त्यांचा चेहरा पांढरा पडला. पाऊल पुढे पडेना.

नीरजा त्यांच्या उजव्या हाताला उभी होती. इथे ती त्यांना दिसत होती. इथून चालली तर त्यांना धीर येईल, हे तिला कळत होतं. पण मग ती दुसरी बाजू उघडी राहील, सगळ्या रस्त्यासाठी. ती त्यांच्या मागून वळून डावीकडे आली, आणि ते एकदम कावरेबावरे झाले, मान इकडेतिकडे फिरवू लागले.

“मी आहे,” ती म्हणाली. “आता एक पायरी आहे. उतरा. हां. स्कूटरवाला आहे, जाऊ दे त्याला. गेला. पेरू आहेत इथे, बरे दिसतायत, पण घ्यायचे नाहीत. एक बाई कुत्रं घेऊन चाललीय, कुत्रं तिला चालवतंय. आता सरळ.”

“बरं,” दीनानाथ म्हणाले, आणि चालू लागले. नजर समोर. तिचा हात त्यांनी धरला नाही. दोन्ही हात त्यांनी जरासे पुढे धरले होते, अंधारात धरतात तसे.

नीरजा बोलत राहिली. घसा कोरडा पडला तरी तिनं आवाज खाली येऊ दिला नाही. खड्डा आहे म्हणाली, रिक्षा येतेय पण भरलेली आहे म्हणाली, एका दुकानाच्या पाटीवर काय लिहिलंय ते वाचून दाखवलं, ते उगाचच. मागून हॉर्न वाजला की तिच्या पाठीतून कळ जात होती, तरी तिनं मागे वळून बघितलं नाही, कारण बघायला मान वळवली असती तर बोलणं तुटलं असतं, आणि बोलणं तुटलं की दीनानाथ भर रस्त्यात थांबत होते, ती पुन्हा असेपर्यंत.